गेम लावला की स्क्रीन काळी, पंखे सुसाट: कार्ड गेलं की एसएमपीएस?

खटपट्या

नमस्कार मंडळी. मशीन असं आहे: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम (३२०० वर, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग चालू), सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड (दोन ८-पिन कनेक्टरवालं), ५५० वॉटचा मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) ब्राँझ एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि ६०० व्हीएचा यूपीएस. विंडोज ११.

ब्राउझर, व्हिडिओ, ऑफिसचं काम दिवसभर बिनबोभाट चालतं. जड गेम लावला की दहा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी होते, मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगात सुटतात. आवाज काही सेकंद चालतो, मग अडकतो. पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. कधीकधी मात्र काळी स्क्रीन वगैरे काही नाही, मशीन सरळ रीस्टार्ट होतं.

ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू सॉफ्टवेअरने साफ काढला, नेट बंद ठेवून नवा टाकला. विंडोजही कोरं टाकून पाहिलं. फरक शून्य. कार्डाचं तापमान ७२ च्या वर जात नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय, बदला. विकणाऱ्याने दिलेली तपासणीची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून आधी खात्री करायची आहे. कुठून सुरुवात करू?

वायरमन

आधी एक गोष्ट. कर्नल-पॉवर ४१ हे कारण नाही. ‘मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं’ एवढंच विंडोज त्यातून सांगतं, आणि ते तुम्हाला माहीतच आहे. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज किंवा हार्डवेअर. २७८ असेल तर तो दशमान आकडा आहे. हेक्समध्ये ११६, म्हणजे ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, विंडोजने त्याला उठवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. २९२ म्हणजे हेक्स १२४, तिथे प्रोसेसर, रॅम आणि स्लॉटकडेही बघावं लागतं. निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप रीस्टार्टची खूण काढून टाका.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार दिसतात, ते एकत्र करू नका.

काळी स्क्रीन, पंखे पूर्ण वेगात, आवाज थोडा वेळ चालू: यात मशीन जिवंत आहे, कार्ड तेवढ्यापुरतं गेलंय. कार्डावरच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला की पंखे सुरक्षिततेसाठी १०० टक्क्यांवर जातात. लिनक्सवर अशा वेळी लॉगमध्ये ‘एक्सआयडी ७९’ येतं, कार्ड ‘बस’वरून (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गावरून) निसटल्याची ती नोंद. कारणं बहुतेक वेळा तीन: कार्डाला मिळणारे १२ व्होल्ट क्षणभर कोसळणं, स्लॉटमधला कच्चा संपर्क, नाहीतर कार्डाच्याच व्हीआरएममध्ये (चिपला वीज पुरवणाऱ्या भागात) बिघाड.

थेट रीस्टार्ट: यात सगळ्या मशीनची वीज गेली. एसएमपीएसच्या संरक्षणाने हात वर केले, नाहीतर एसएमपीएसच्या मागे काहीतरी झालं. कार्ड एकट्याने हे क्वचित करतं.

आता कामाला लागा. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

१. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणा, म्हणजे २२० वॉटचं कार्ड १३० च्या आसपास राहील. तोच गेम, तेवढाच वेळ. क्रॅश थांबला तर ड्रायव्हर आणि विंडोज यादीतून बाद. प्रश्न विजेचा किंवा उष्णतेचा. ६० वरही पडलं तर स्लॉट, रॅम किंवा कार्ड स्वतः.

२. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त सेन्सर मोडमध्ये उघडा, नोंदीचा वेग २००० वरून ५०० मिलिसेकंदांवर आणा आणि लॉग फाइलमध्ये लिहायला लावा. मशीन पडल्यावर शेवटच्या ओळी फाइलमध्ये शिल्लक राहतात, त्या कामाच्या. तीन गोष्टी बघा: ‘हॉट स्पॉट’ (चिपवरचं सगळ्यात तापलेलं ठिकाण) तापमान, ८-पिनचं इनपुट व्होल्टेज आणि पीसीआयई स्लॉटचं (कार्ड बोर्डावर बसतं ती खाच) १२ व्होल्ट. नेहमीचं ७२ हे कोअरचं. हॉट स्पॉट त्याहून १०-१५ अंश जास्त असणं ठीक. २५-३० चा फरक असेल तर पेस्ट सुकली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. व्होल्टेजसाठी एटीएक्सची (एसएमपीएसच्या मानकाची) मर्यादा अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६. लोडवर ११.४ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. मात्र क्षणार्धाचे झटके या सेन्सरला दिसत नाहीत, त्यामुळे आकडे छान आले म्हणून वीज निर्दोष सुटली असं समजू नका.

३. कार्डाला वीज कशी दिली आहे? एकाच वायरीच्या टोकाला दोन ८-पिन लावलेत का? असतील तर आजच दोन स्वतंत्र वायरी ओढा.

४. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते इथे टाका. ‘५५०’ हा आकडा बाजूला ठेवा. १२ व्होल्टवर ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट, खरा ५५० चा माल. ३० अँपिअर असतील तर हाती ३६० वॉटच, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर जमा. ब्राँझ बिल्ल्याने फक्त कार्यक्षमता कळते, झटका झेपेल की नाही ते नाही.

साधासुधा

वरचं सगळं करण्याआधी एक फुकटची चाचणी. स्क्रीन काळी झाली की कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जागं आहे. तसंच विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बीप येतो. चित्र परत आलं तर ड्रायव्हर नाहीतर डिस्प्ले केबल. पंखे पळत नसते तर मी आधी डिस्प्लेपोर्टची केबलच बदलायला सांगितली असती, स्वस्त केबलीने पुष्कळांना रडवलंय. तुमच्या केसमध्ये पंखे पळतायत, त्यामुळे केबलवर माझा संशय कमी.

एक्सएमपीही एकदा बंद करून बघा. रॅम २१३३ किंवा २४०० वर आली की गेम थोडा मंदावेल, पण रॅमचा गुंता सुटतो. खात्रीच हवी तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. चार फेऱ्यांत एकही चूक चालत नाही. एक म्हणजे एक.

लोडशेडिंग

थेट रीस्टार्टबद्दल कोणी यूपीएसचं नाव का घेत नाही?

६०० व्हीएचा घरगुती यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. व्हीए आणि वॉट एक नव्हेत, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आता हिशोब मांडा: कार्ड २२०, प्रोसेसर पूर्ण भरात ७६, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४०-५०. झाले ३४०. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर यूपीएसमधून ४०० वॉट खेचले जातात, आणि मॉनिटरही त्यालाच लावला असणार, त्याचे ३० वेगळे.

लाइट असताना हे लपून राहतं, कारण यूपीएस भिंतीतली वीज जवळपास तशीच पुढे देतो. पण सोसायटीचा पंप सुरू झाला, व्होल्टेज खाली बसलं, की आतला रिले ‘टक्’ करून बॅटरीवर जातो. बॅटरीच्या इन्व्हर्टरला ४०० वॉट झेपत नाहीत. खटका पडला, मशीन गेलं. तुम्हाला लाइट गेल्याचं कळतही नाही, कारण ट्यूब फक्त किंचित लुकलुकते.

शिवाय या यूपीएसची लहर खरी साइन नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. ॲक्टिव्ह पीएफसीवाले (वीज लहरीच्या तालात खेचणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस त्या लहरीवर कुरकुरतात, लोड मोठा असेल तर जास्तच. एरवी यूपीएसला अदलाबदलीला लागणारे ४ ते १० मिलिसेकंद एसएमपीएसला सहज पेलायला हवेत, एटीएक्स ३.० च्या आधीच्या नियमाने पूर्ण लोडवर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरता आला पाहिजे. जुन्या एसएमपीएसचा मुख्य कपॅसिटर थकला की हा तग कमी होतो.

चाचणी सोपी: मधला यूपीएस काढा, मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला. तेही चांगल्या सॉकेटला. चार गोष्टी खोचलेल्या ढिल्या एक्स्टेंशन बोर्डाला नको. अर्थिंगही बघून घ्या. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये काहीतरी भलताच आकडा तरंगत असेल तर वायरमनला बोलवा (इथल्या नव्हे, गल्लीतल्या).

घर इन्व्हर्टरवर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर हवा. ‘इको’ मोडमध्ये इन्व्हर्टर फार खालच्या व्होल्टेजपर्यंत वाट बघतो आणि बदलायला वेळही जास्त घेतो. ट्यूब-पंख्याला चालतं, कॉम्प्युटरला नाही.

बीजीए_बाबा

कार्ड सेकंडहँड आहे म्हणून व्हीरॅमबद्दल (कार्डावरच्या मेमरीबद्दल) लिहितो. व्हीरॅम गेली की लक्षणं वेगळी असतात: रंगीत ठिपके, चौकड्या, ताणलेले त्रिकोण, गेम ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘डिव्हाइस रिमूव्ह्ड’ म्हणून डेस्कटॉपवर फेकणं. स्वच्छ काळी स्क्रीन आणि पंखे सुसाट हे सहसा मेमरीचं काम नाही. तरी परत करायची मुदत आहे तोवर तपासून घ्या. ओसीसीटीमध्ये व्हीरॅमची वेगळी चाचणी आहे, ८० टक्के मेमरी भरेल असं ठेवा, अर्धा तास. मेमटेस्ट-व्हल्कनही चालेल. एकही चूक आली तर पुढे काही शोधू नका, कार्ड परत. चुका येत असतील आणि मेमरी क्लॉक ५०० मेगाहर्ट्झने खाली आणल्यावर थांबत असतील तर एखादी चिप अशक्त आहे. आज खाली आणून चालेल, पुढच्या उन्हाळ्यात चालणार नाही.

३०७० वर १ जीबीच्या आठ चिपा असतात. मॅट्ससारख्या सॉफ्टवेअरने नेमकी कुठली खराब ते कळतं आणि तेवढीच बदलता येते. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही दुरुस्तीला दिलंत तर चिप बदलणार की नुसती हीट गन मारणार हे आधी विचारा. गरम करून उठवलेलं कार्ड काही आठवड्यांचं सोबती. आणि व्हिडिओ बघून ओव्हनमध्ये भाजायचं तर नावही काढू नका.

स्लॉटचा संपर्क तुम्ही घरीच बघू शकता. मशीन बंद, वायर काढलेली, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवलेला. कार्ड काढा, सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, भुगा झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर नको. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर हे करावंच, दातांवर तपकिरी छटा दिसते. परत बसवताना स्लॉटच्या टोकाची चाप ‘कट्’ आवाज करून बसली पाहिजे आणि मागची पट्टी दोन स्क्रूंनी कॅबिनेटला घट्ट. ३०७० चे मोठे कूलर पुढच्या बाजूने झुकतात. झुकलं की चापेकडचे दात वर उचलले जातात.

कार्ड रायझर केबलवर (कार्ड स्लॉटपासून लांब लावायची जोडवायर) उभं लावलंय का? बरेच रायझर जेन ३ चे (पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचे) असतात. बी५५० आणि ३०७० आपापसात जेन ४ ठरवतात आणि मग रायझरचा जीव जातो. बायॉसमध्ये स्लॉट जेन ३ वर बांधा. वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. रायझर नाही, कार्ड थेट बोर्डावर. एकेक करून बघितलं, आकडे देतो.

बगचेककोड सगळीकडे ०. नम लॉक लागत-विझत होतं, पण चार बटणांच्या युक्तीने चित्र आलं नाही. एक्सएमपी बंद करून तसंच. व्हीरॅम चाचणीत चूक नाही. खोडरबर फिरवला, फरक नाही.

पॉवर लिमिट ६० वर: दोन तास गेम चालला, काही झालं नाही.

१०० वर, एकाच वायरीवर दोन्ही ८-पिन (हो, तसंच लावलं होतं): ८-पिनचं किमान ११.३१, स्लॉटचं किमान ११.८४. कोअर ७२, हॉट स्पॉट ८६. मग काळी स्क्रीन.

दोन स्वतंत्र वायरी लावल्यावर: ८-पिन ११.७२, स्लॉट ११.८३. काळी स्क्रीन गायब. पण संध्याकाळी एकदा थेट रीस्टार्ट झालंच. यूपीएस काढून भिंतीला लावल्यापासून तेही नाही.

एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्ट, ३८ अँपिअर. आता एसएमपीएस बदलू की राहू दे?

वायरमन

हे आकडे बोलके आहेत. ८-पिन ११.३१ आणि त्याच वेळी स्लॉट ११.८४. स्लॉटला वीज २४-पिनच्या जाड गुच्छातून बोर्डामार्गे येते. दोन्ही एकत्र पडले असते तर एसएमपीएस दोषी. एकटं ८-पिन पडलं, म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च झाला, वायरीत आणि कनेक्टरच्या पिनांमध्ये. नवी, चांगल्या जाडीची वायर एवढं खात नाही, त्यामुळे पिना ढिल्या झाल्या असणार. ती जुनी वायर एसएमपीएसच्या टोकाकडून बघा. पिनांच्या आतल्या पत्र्या पसरलेल्या किंवा प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल तर ती परत वापरू नका. कार्डाच्या बाजूलाही जळाल्याची खूण नाही ना, टॉर्चने पाहून घ्या.

म्हणजे कार्ड परत करायची गरज नाही. दुकानदाराचा सल्ला तुम्हाला महागात पडला असता.

एसएमपीएसचं म्हणाल तर ३८ अँपिअर म्हणजे ४५६ वॉट. सरासरी लोड ३४०, म्हणून चालतंय. पण या पिढीची कार्डं क्षणार्धासाठी ठरल्या वॉटच्या दुपटीच्या आसपास उसळी मारतात. ती उसळी आणि प्रोसेसरचा लोड एकाच क्षणी आला की ४५६ ओलांडले जातात आणि संरक्षण खटका पाडतं. कार्डासाठी कंपनीची शिफारसच ६५० वॉटची आहे, ती याच हिशोबाने. मी असतो तर चांगल्या मालिकेतला ६५० किंवा ७५० घेतला असता. मिळाला तर एटीएक्स ३.० वाला, त्या नियमात १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट झटका पेलण्याची अट आहे.

साधासुधा

मला हे पटत नाही. मशीन आता पडत नाहीये ना? मग हजारो रुपये आजच कशाला? आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर उचला, त्याच्या उजवीकडचे सगळे खाली सपाट करा, लागू करा. कार्ड २२० वरून १७०-१८० वॉटवर येतं, फ्रेम दोन-चारपेक्षा जास्त कमी होत नाहीत आणि उसळ्याही लहान होतात. १८०० वर गेम पडला तर १७५० करा.

वायरमन

अंडरव्होल्टला माझा विरोध नाही, उन्हाळ्यात मीही तेच सांगतो. पण ते निदान पूर्ण झाल्यावर करायचं. मुदत संपेपर्यंत कार्ड मूळ सेटिंगवर, १०० टक्क्यांवर चालवा. कार्डात दुसरा काही दोष लपलेला असेल तर आत्ता दिसू दे. त्यानंतर अंडरव्होल्ट करून एसएमपीएसची खरेदी दोन-चार महिने पुढे ढकलली तरी हरकत नाही.

लोडशेडिंग

यूपीएस मात्र तसाच परत लावू नका. गेमसाठी किमान ११०० व्हीए / ६६० वॉटवाला बघा. तोवर राउटर आणि मॉनिटर जुन्या यूपीएसवर, मशीन भिंतीवर. भिंतीवर असताना लाइट गेली तर एसएसडीवर अर्धवट लिहिलेलं राहू शकतं, तेव्हा कामाच्या फाइलींचा बॅकअप ठेवा.

खटपट्या

तसंच करतो. मुदत संपेपर्यंत १०० टक्क्यांवर चालवतो, मग ६५० चा एसएमपीएस. एकच शंका: जुनाही मॉड्युलर, नवाही मॉड्युलर. कॅबिनेटच्या मागून वायरी नीट बांधून ओढल्या आहेत. त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलला तर चालेल ना?

बीजीए_बाबा

अजिबात नाही! कार्डाकडचं, बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलाच सामाईक नियम नाही. कोणत्या भोकात १२ व्होल्ट आणि कोणत्यात ग्राउंड हे प्रत्येक बनवणारा आपलं आपण ठरवतो, एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही बदलतं. प्लग मात्र आत जातो, म्हणूनच घात होतो. साटाच्या वायरीत ५ च्या जागी १२ व्होल्ट आले की एसएसडी आणि हार्ड डिस्क बटण दाबताक्षणी जातात, डेटासकट.

सगळ्या जुन्या वायरी काढा, साटाची आणि प्रोसेसरची ८-पिनसुद्धा. ही प्रोसेसरची ८-पिन कार्डाच्या ८-पिनसारखीच दिसते पण उलटी असते, तेव्हा नावं वाचून लावा. जुन्या वायरी जुन्या एसएमपीएसच्याच खोक्यात भरून वर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे उद्या घरात दुसरं कोणी उचलून लावणार नाही.